आतषबाजीचे छायाचित्रण आणि सहेतुक धूसरता

नागपूरच्या कस्तुरचंद पार्कवर दसऱ्याच्या सायंकाळी रावणदहनासमवेत आतषबाजी होत आली आहे. अशा आतषबाजीची छायाचित्रे बहुधा एकाच वळणाची असतात : काळ्या आकाशावर रेखीव प्रकाशरेषा. एखाद्याने भिंगाचा फोकस बुद्धिपुरस्सर ढळविला, तर त्या चित्रास सदोष म्हणावे काय? कलाकृतीचे पूर्णत्व कशात मानावे, या जुन्या वादाचाच हा एक भाग होय.

त्या वादाचे सर्वांत गाजलेले प्रकरण आतषबाजीवरूनच उद्भवले. लंडनच्या क्रेमॉर्न उद्यानातील अग्निबाण व्हिसलरने अस्पष्ट ठिपक्यांनी रंगविले. १८७७ मध्ये रस्किनने त्या चित्राची निर्भर्त्सना केली. १८७८ च्या खटल्यात व्हिसलर जिंकला. भरपाई मात्र एका फार्दिंगची मिळाली. न्यायालयाने वाद मिटविला, प्रश्न सोडविला नाही.

छायाचित्रात धूसरता केवळ हानी करीत नाही. फोकस ढळताच प्रकाशबिंदूची चकती होते. रेखीव चित्रात अतिप्रकाशाने पांढरी पडणारी ठिणगी येथे विस्तृत क्षेत्रावर पसरते. त्यामुळे स्ट्रॉन्शियमचा तांबडा आणि बेरियमचा हिरवा रंग अधिक भरीव उमटू शकतो. डेव्हिड जॉन्सनने २०१२ मध्ये ओटावा येथे शटर उघडे असतानाच फोकस फिरविला. परिणामी प्रत्येक रेषेचे एक टोक रुंद व दुसरे अणकुचीदार झाले. तेथे धूसरता ही काळाची खूण ठरली : रेषेच्या जाडीवरून क्षणांचा क्रम वाचता येतो.

तथापि या पद्धतीची उणीवही येथेच आहे. ती प्रकाशफुले ओटावाची की नागपूरची, हे चित्र सांगत नाही. रावणदहनाच्या चित्रातून पुतळा व जनसमुदाय लोपला, तर उरते ती केवळ शोभा. प्रसंग नाहीसा होतो.

यावर उपाय त्याच तंत्रात आहे. फोकस आकाशावरून काढून जवळच्या प्रेक्षकांवर आणला, तर वर चकत्या फुलतात आणि खाली माणसे स्पष्ट राहतात. त्यासाठी छिद्र मोठे ठेवावे लागते, कारण लहान छिद्राने चकतीही आक्रसते; आणि छिद्र मोठे म्हणून प्रकाशनकाल अल्प ठेवणे भाग पडते. येथे धूसरतेला प्रयोजन लाभते : क्षणिक ते विरघळते, पाहणारा टिकतो. धूसरतेने काय झाकले यापेक्षा कशाकडे दृष्टी वळविली, हीच अशा चित्राची कसोटी मानली पाहिजे.