दत्तक सूर

माझी धाकटी बहीण बरीच वर्षे इंग्लंडात आहे. तिचा मुलगा तेथेच जन्मला, तेथेच वाढला आणि आता सोळा वर्षांचा झाला आहे. गतवर्षी चतुर्थीच्या सणाला ती मंडळी गोव्यास आमच्या घरी आली, तेव्हा या माझ्या भाच्याच्या कानांत सदैव यंत्राच्या गुंड्या खुपसलेल्या असत. हल्लीच्या मुलांप्रमाणे हाही काल निघालेले आणि उद्या विसरले जाणारे एखादे गाणे ऐकत असावा, अशी माझी समजूत होती. एके दिवशी सहज विचारले, तर त्याने मोठ्या गांभीर्याने सांगितले, "मामा, १९७१ ची ध्वनिमुद्रिका आहे. लेड झेपलिनची. त्यानंतर खरे संगीत झालेच नाही."

सोळा वर्षांच्या तोंडून 'त्यानंतर काही झालेच नाही' हे वाक्य ऐकण्याची मला सवय नव्हती. ते वाक्य आमच्या घरात अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे. फरक एवढाच की अण्णांच्या मते खरे संगीत नाट्यपदांबरोबर संपले. नातवाचे उत्तर त्यांनी ऐकले आणि थोडा वेळ थांबून ते म्हणाले, "साहेबाच्या आजोबांची गाणी ऐकतो, स्वतःच्या आजोबांची मात्र ऐकत नाही." बोलणे हसत हसत झाले, पण त्यात हसण्यासारखे फारसे नव्हते. अण्णांचे सोळावे वर्ष आणि त्या इंग्रजी वाद्यवृंदांचा उदय ही एकाच काळातली. १९६३ च्या फेब्रुवारीत लंडनच्या एका स्टुडिओत बीटल्स मंडळींनी आपल्या पहिल्या दीर्घ ध्वनिमुद्रिकेतील दहा गाणी एकाच दिवसात उरकली, त्या सुमारास अण्णा शेजाऱ्याच्या रेडिओला कान लावून बसत असतील. नातवाने त्याच काळातला एक वारसा निवडला आणि दुसरा तसाच पडू दिला. अण्णांची तक्रार ती हीच.

व्यवसायाने मी वकील असल्यामुळे घरातल्या या वादात उभय पक्षांची बाजू ऐकणे मला भाग पडले. त्या निमित्ताने ती गाणी मी लक्षपूर्वक ऐकली, आणि त्यांच्याविषयी माझे जे मत बनले ते येथे मांडतो.

प्रथम मुलाच्या कैफियतीतील एक विधान खोडून काढणे अवश्य आहे. 'त्या काळी सारेच उत्तम होते' हा भ्रम आहे. १९६७ हे वर्ष इंग्रजी रॉक संगीताचे सुवर्णवर्ष मानले जाते. परंतु त्या वर्षी इंग्लंडात सर्वांत अधिक खपलेली तबकडी बीटल्सची नव्हती. ती होती एंगलबर्ट हम्परडिंक या गायकाच्या एका हळव्या प्रेमगीताची, आणि हे गृहस्थ जन्माने मद्रासचे! ज्या तबकडीच्या एका बाजूस 'पेनी लेन' आणि दुसऱ्या बाजूस 'स्ट्रॉबेरी फील्ड्स' होते, तिला याच प्रेमगीताने पहिल्या क्रमांकापर्यंत पोहोचू दिले नाही. काळ हा फार कडक परीक्षक आहे. साठ वर्षांत त्याने शेकडा नव्वद गाणी पाखडून टाकली. सुपात राहिले तेवढेच दाणे हाती घेऊन 'त्या वर्षीचे पीक असेच होते' असे माझा भाचा म्हणतो. आजच्या गाण्यांचे पाखडणे अद्याप व्हावयाचे आहे, एवढेच त्याला सांगावयाचे.

आता दुसरा मुद्दा. जुन्यावर प्रेम करणारा तरुण म्हणजे अकाली म्हातारा, असे पुष्कळांना वाटते. पण ज्या संगीताच्या प्रेमात हा मुलगा पडला आहे, ते संगीतच मुळी जुन्याच्या प्रेमातून जन्मले. १९६१ च्या ऑक्टोबरात केंट परगण्यातील डार्टफर्ड स्थानकावर लहानपणी एका शाळेत असलेले दोन मुलगे पुन्हा भेटले. एक अठरा वर्षांचा मिक जॅगर आणि दुसरा सतरा वर्षांचा कीथ रिचर्ड्स. जॅगरच्या काखेत चक बेरी आणि मडी वॉटर्स या दोन कृष्णवर्णी अमेरिकन गायकांच्या तबकड्या होत्या, आणि त्या पाहूनच बोलणे सुरू झाले. मडी वॉटर्स वयाने त्यांच्या वडिलांच्या पिढीचा. त्याचे गाणे मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यांतून आलेले, आणि इंग्लंडातील सर्वसामान्य श्रोत्यास ते ठाऊकही नव्हते. पुढल्या वर्षी या मुलांनी काढलेल्या वाद्यवृंदाचे 'रोलिंग स्टोन्स' हे नाव मडी वॉटर्सच्याच एका गाण्यावरून घेतलेले आहे.

हा एकटा दाखला नव्हे. पॉल मॅकार्टनीने चौसष्टाव्या वर्षाविषयीचे आपले प्रसिद्ध गाणे शाळकरी वयातच रचले होते. त्याची घडण त्याच्या वडिलांच्या काळातील नाट्यगृहांत चालणाऱ्या गाण्यांची आहे. ते वडील १९२० च्या दशकात स्वतःचा एक जाझ वाद्यवृंद चालवीत असत. पुढे १९६७ च्या 'सार्जंट पेपर' या ध्वनिमुद्रिकेत, म्हणजे जगाने सर्वांत नवी म्हणून डोक्यावर घेतलेल्या कृतीत, हे जुन्या धर्तीचे गाणे विराजमान झाले. किंक्स या वृंदाच्या रे डेव्हिसने तर १९६८ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, खेड्यातील हिरवळ, जुनी दुकाने आणि नाहीशा होत चाललेल्या चालीरीती यांच्या जतनावरच एक संबंध ध्वनिमुद्रिका रचली. ती बीटल्सच्या एका मोठ्या ध्वनिमुद्रिकेच्याच दिवशी बाहेर पडली आणि त्या वेळी तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. आज तिची गणना त्या वृंदाच्या श्रेष्ठ कृतींत होते. मला स्वतःला ती फार आवडली. तिच्यात जुन्याविषयी ओढ आहे, पण त्या ओढीला स्वतःचीच थट्टा करता येते. आणि गतकाळाचा विषय निघाला की ही शक्ती आपल्यातील थोरामोठ्यांनाही सोडून जाते. तेव्हा तरुणपण आणि जुन्याची आवड यांत विरोध आहे, हा आक्षेप टिकत नाही.

खरा आक्षेप याहून खोल आहे, आणि तो ऋणाचा आहे. आपल्याकडे मनुष्य जन्मतःच ऋणी मानला गेला आहे. ऋण असणे हा दोष नव्हे. ते नाकारणे हा दोष. या कसोटीवर माझ्या भाच्याच्या दैवतांचे वर्तन संमिश्र आहे.

जी ध्वनिमुद्रिका तो ऐकत होता, तिच्यातील शेवटचे गाणे महापुराचे आहे. १९२७ मध्ये मिसिसिपी नदीला प्रलयंकर पूर आला, बांध फुटले आणि लक्षावधी माणसे बेघर झाली. १९२९ मध्ये मेम्फिस मिनी ही गायिका आणि तिचा पती जो मकॉय यांनी त्यावर एक साधे गाणे ध्वनिमुद्रित केले. दोन गिटारी आणि एक आवाज, इतकेच त्याचे भांडवल. बेचाळीस वर्षांनी लेड झेपलिनने ते उचलले. हॅम्पशरमधील एका जुन्या वास्तूच्या दिवाणखान्यात त्यांनी जॉन बोनमचे नगारे मांडले आणि ध्वनिग्राहक जिन्याच्या पोकळीत वर टांगले. त्या उंच, रिकाम्या जागेत घुमून आलेला तो ठेका ऐकताना पाण्याचा लोंढा पायरी पायरीने वर चढत असल्याचा भास होतो. देवळाच्या सभामंडपात चौघडा ऐकलेल्या माणसास, वास्तू स्वतःच वाद्य होते म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको. मूळ गाण्यात संकट सोसणाऱ्या माणसाचा आवाज आहे, तर या नव्या रूपात प्रत्यक्ष संकटाचा. म्हणून मी याला नक्कल म्हणणार नाही. ही नवी कृती आहे, आणि मोठी कृती आहे. शिवाय रचनाकारांच्या नामावळीत मेम्फिस मिनीचे नाव त्यांनी घातले, हेही नमूद केले पाहिजे.

पण प्रत्येक वेळी असे घडले नाही. याच मंडळींच्या १९६९ मधील सर्वांत गाजलेल्या गाण्यात विली डिक्सन या शिकागोच्या जुन्या रचनाकाराचे शब्द आले होते, आणि नाव मात्र आले नव्हते. डिक्सनने १९८५ मध्ये दावा लावला आणि १९८७ मध्ये तडजोड झाली. जे नाव प्रेमाने आधीच द्यावयाचे, ते कोर्टाच्या पायऱ्या चढून मिळवावे लागले. भक्ताने देवाचे दागिने उतरवून स्वतःच्या अंगावर घालावेत आणि वर त्यास पूजा म्हणावे, तसा हा प्रकार झाला.

याहून नाजूक खटला जॉर्ज हॅरिसनचा. बीटल्सपैकी याचा आपल्या देशाशी संबंध सर्वांत खरा. १९६६ मध्ये पंडित रविशंकरांची भेट झाल्यावर हा मनुष्य त्यांच्यापुढे शिष्याच्या नम्रतेने बसला. १९६९ मध्ये लंडनच्या राधाकृष्ण मंदिरातील भक्तांकडून त्याने हरे कृष्ण महामंत्राची तबकडी काढविली, आणि इंग्लंडातील पहिल्या वीस गाण्यांत तिला स्थान मिळाले. १९७० मधील त्याच्या स्वतःच्या भक्तिगीतात एका बाजूने ख्रिस्ती जयघोष आणि दुसऱ्या बाजूने कृष्णनाम एकमेकांत मिसळते. त्या गाण्याची चाल मात्र १९६३ मधील एका अमेरिकन प्रेमगीतासारखी निघाली. न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा चालला. न्यायाधीश रिचर्ड ओवेन हे स्वतः संगीतरचनाकार होते. १९७६ मध्ये त्यांनी निर्णय दिला की हॅरिसनने जाणूनबुजून चोरी केलेली नाही. जुनी चाल त्याच्या अंतर्मनात होती आणि त्याच्या नकळत ती बाहेर आली. तरीही कायद्याने तो जबाबदार ठरला.

वकील या नात्याने हा निकाल मला पटतो, पण रसिक या नात्याने तो मला अस्वस्थ करतो. कारण आपल्या साऱ्यांच्याच अंतर्मनात दुसऱ्यांच्या चाली वस्तीला असतात. आपल्या आरत्यांच्या चाली कोणी कोठून उचलल्या हे शोधू लागलो, तर किती दावे दाखल करावे लागतील! तेथे कोणी दावा करीत नाही, कारण ती चाल एकट्याची आहे असे कोणी म्हणतच नाही. चालीचा व्यापार सुरू झाला की ऋणाची नोंद ठेवावीच लागते, आणि ती नोंद ठेवण्याचे काम केवळ न्यायालयाचे नव्हे; ते श्रोत्याचेही आहे. माझ्या भाच्याला बोनमच्या नगाऱ्यांचा आकार आणि बनावट तोंडपाठ होती. मेम्फिस मिनी कोण, हे त्याला ठाऊक नव्हते. १९७३ मध्ये ती वारली, म्हणजे तिचे गाणे नव्या रूपात जगभर वाजू लागले तेव्हा ती हयात होती, हे मी सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला.

राहता राहिला अण्णांचा आक्षेप. परक्या कुळाचा वारसा घेणाऱ्याचा आपल्या कुळाशी संबंध उरतो काय? कायद्याच्या भाषेत हा दत्तकाचा प्रश्न आहे. १९५६ च्या हिंदू दत्तकाच्या कायद्यान्वये दत्तक गेलेल्या मुलाचे जन्मकुळाशी नाते तुटते. परंतु आपल्या जुन्या धर्मशास्त्रात आणखी एक प्रकार होता, द्व्यामुष्यायण दत्तकाचा. दोन्ही पित्यांच्या कराराने दिलेला हा मुलगा दोन्ही कुळांचा राही, दोन्हीकडे पिंड देई आणि दोन्हीकडला वारसा घेई. आधुनिक कायद्यात या प्रकारास जागा उरलेली नसली, तरी रसिकतेच्या राज्यात तोच प्रकार सर्वांत न्याय्य, असे माझे मत आहे.

हे शक्य आहे याला एक पुरावा आकाशात आहे. १९७७ मध्ये 'व्हॉयेजर' याने सूर्यमालेबाहेर निघाली, तेव्हा त्यांच्यावर पृथ्वीच्या संगीताची एक सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी बसविण्यात आली. त्या तबकडीत आमच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, आणि जॅगरच्या काखेत ज्याची तबकडी होती त्या चक बेरीचे गाणेही आहे. देवळाच्या आश्रयाने वाढलेल्या परंपरेतील गायिका आणि सेंट लुईचा गिटारवादक तेथे शेजारी आहेत, आणि दोघांनाही एकमेकांची अडचण झालेली नाही. ही हकीकत मी अण्णांच्या समक्ष सांगितली. मुलाने लगेच केसरबाई शोधून काढल्या. ऐकल्या. 'कठीण आहे,' असे तो म्हणाला. हे उत्तर मला 'सुंदर आहे' या उत्तरापेक्षा प्रामाणिक वाटले.

चतुर्थीच्या रात्री आरतीला घुमट वाजू लागले, तेव्हा तो नगाऱ्यांचा भक्त ज्याच्या हाती घुमट होते त्याच्या अगदी जवळ सरकून बसला. दुसऱ्या दिवशी त्याने ते मागून घेतले. हात बसला नाही; ठेका पुनःपुन्हा चुकत होता. अण्णा आरामखुर्चीतून मात्रा मोजून दाखवीत होते आणि चूक झाली की जोराने 'नव्हे!' म्हणत होते. अखेर दमून त्याने घुमट खाली ठेवले. तेव्हा अण्णा म्हणाले, "ते तुझे पुराचे गाणे लाव बघू." गाणे सात मिनिटांचे आहे. अण्णांनी ते शेवटपर्यंत ऐकले. आवडले की नाही ते बोलले नाहीत. एवढेच म्हणाले, "ठाय लय आहे. घाई करीत नाही, हे चांगले."

एका जन्मात दोन आजोबांची गाणी ऐकणे मुळीच अशक्य नाही. मात्र त्यासाठी दोन्हीकडल्या आजोबांनी थोडे थांबून ऐकले पाहिजे, आणि नातवाने दोन्हीकडले देणे मान्य केले पाहिजे.