न दिलेला दत्तक
(‘लायन’ या चित्रपटाच्या निमित्ताने)

आपल्या समाजास दत्तक ही गोष्ट नवी नाही. संस्थानांच्या गाद्यांपासून देवळांच्या महाजनकीपर्यंत कित्येक घराण्यांचा वंश कोठे ना कोठे दत्तकाच्या आधारेच पुढे चालला आहे. बडोद्याच्या वाचकांस तर हे सांगावयासच नको. नाशिककडील कवळाणे गावचा गोपाळ नावाचा बारा वर्षांचा मुलगा १८७५ साली दत्तक विधीने सयाजीराव झाला आणि पुढे त्याने काय करून दाखविले ते सर्वविश्रुत आहे. पण दत्तकाच्या कथा आपण सांगतो त्या नेहमी घेणाऱ्या घराच्या बाजूने. गादी राहिली, नाव राहिले, पिंडदानास पुत्र मिळाला, येथे आपली कथा संपते. ज्या घरातून ते मूल उठले त्या घराच्या मनात काय झाले, आणि खुद्द त्या मुलाने नव्या घरात पहिली रात्र कशी काढली, हे प्रश्न आपण सहसा विचारीत नाही.

हे प्रश्न विचारणारा ‘लायन’ हा चित्रपट २०१६ साली निघाला. ऑस्करसाठी सहा नामांकने मिळूनही त्याच्या हाती तेथे एकही पारितोषिक लागले नाही. ब्रिटनच्या बाफ्टा पारितोषिकांत मात्र पटकथा आणि सहायक अभिनेता अशी दोन पारितोषिके त्याने मिळविली. त्या गलबल्यात या चित्रपटाविषयी पुष्कळ लिहिले गेले, परंतु ते बहुतेक एका योगायोगाच्या कौतुकापुरते होते. आम्हांस त्यातील दत्तकाचा विचार अधिक मोलाचा वाटतो, म्हणून आज निवांतपणे त्याकडे पुन्हा वळत आहोत.

कथा खरी आहे, आणि इंदूरकरांच्या अगदी शेजारची आहे. निमाडातील खांडवा शहराच्या गणेश तलाई या गरीब वस्तीत एक आई मोलमजुरी करून मुलांस वाढवीत होती. तिचा पाच वर्षांचा मुलगा एका रात्री थोरल्या भावाबरोबर बुऱ्हाणपूर स्थानकावर गेला. भाऊ परत येईपर्यंत त्यास झोप लागली. जाग आली तेव्हा भाऊ कोठेच नव्हता. त्याला शोधीत मुलगा उभ्या गाडीच्या रिकाम्या डब्यात शिरला, आणि त्या गाडीने त्याला सुमारे दीड हजार किलोमीटर दूर कलकत्त्यास नेऊन टाकले. चित्रपटात हे साल १९८६ आहे. रस्त्यावर, मग मुलांच्या गृहात, मग सरोज सूद यांच्या दत्तकसंस्थेत अशी वाट काढीत हा मुलगा १९८७ साली ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरील हॉबार्ट शहरी, जॉन व स्यू ब्रायर्ली या दांपत्याच्या घरी पोहोचला. पंचवीस वर्षांनी, उपग्रहांनी टिपलेली भूमीची चित्रे संगणकावर चाळता चाळता, त्याने आपले गाव शोधून काढले, आणि २०१२ साली तो आईस भेटला. सरू ब्रायर्ली या नावाने त्याने लिहिलेले ‘अ लाँग वे होम’ हे आत्मकथन २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यावरून ल्यूक डेव्हिस यांनी पटकथा रचली आणि गार्थ डेव्हिस यांनी ती पडद्यावर आणली.

चित्रपटाचा पूर्वार्ध निःसंशय श्रेष्ठ आहे. मुंबईच्या सनी पवार या बालनटाने छोट्या सरूचे काम केले आहे, पण ‘काम’ हा शब्द त्यास शोभत नाही इतके ते सहज आहे. दिग्दर्शकाने कॅमेरा मुलाच्या उंचीवर ठेवला आहे, त्यामुळे मोठ्यांचे जग आपणांस पाय, पिशव्या आणि रेल्वेच्या पायऱ्या एवढ्यावरूनच कळते. आणखी एक गोष्ट आमच्यासारख्या दोन भाषांच्या वाचकांस विशेष भिडेल. हा मुलगा हिंदी बोलतो आणि भोवतालचे शहर बंगाली बोलते. तो ओरडून गावाचे नाव सांगतो आणि कोणास ते कळत नाही. बालपणी जिभेवर बसलेला अपभ्रंश एवढाच त्याचा पत्ता होता, आणि त्या पत्त्याचे गाव कोणत्याही नकाशावर सापडणारे नव्हते. पुढे उपाहारगृहाच्या काचेपलीकडे चमच्याने जेवणाऱ्या एका तरुणाची तो नुसत्या हावभावाने नक्कल करतो, आणि तेवढ्या मूक संभाषणातून त्याची सुटका सुरू होते. भाषेने जे साधले नाही ते एका चमच्याने साधले. या प्रसंगात दिग्दर्शकाने एक शब्दही वापरलेला नाही आणि तेच योग्य आहे.

उत्तरार्धात आपण हॉबार्टला येतो, आणि आमच्या मते चित्रपटाचा खरा विषय येथे सुरू होतो. विमानतळावर नवे आईबाप कोआलाचे खेळणे घेऊन उभे आहेत. मुलास त्यांची भाषा येत नाही, त्यांस मुलाची येत नाही. पहिल्या दिवसांत त्याला न्हाऊ घालताना ती माता त्याला सांगते की, तुझ्यावर काय गुदरले ते एक दिवस तू मला सांगशील आणि मी ऐकेन. मुलास त्यातील अक्षर कळत नाही. तरीही आमच्या मते दत्तकविधानाचा क्षण हाच. होम नाही, पाणी सोडणे नाही, गोत्रोच्चार नाही. एक स्त्री परक्या मुलाच्या भूतकाळास घरात जागा देते आहे. निकोल किडमन यांनी हा प्रसंग कोणताही अभिनिवेश न आणता केला आहे.

काही काळाने हे दांपत्य भारतातूनच दुसरा मुलगा दत्तक घेते. या मुलाने फार सोसलेले आहे. घरी आलेल्या पहिल्याच रात्री तो स्वतःस मारून घेऊ लागतो. माता हसण्याचा प्रयत्न करते, आणि मग एकटी असताना तिचा धीर सुटतो. पुढे मोठा झालेला सरू तिला म्हणतो की, तुझी स्वतःची मुले कोऱ्या पानांसारखी असती, आम्ही तशी नव्हतो. आमच्याबरोबर तू आमचा भूतकाळही दत्तक घेतलास. तो समजतो की तिला मूल होत नव्हते. ती उत्तर देते की तसे नव्हते. जगात मुले पुष्कळ आहेत, त्यांतील दुःखी मुलांस घर द्यावे, म्हणून आम्ही हा मार्ग निवडला. वंशासाठी नव्हे, म्हातारपणाच्या काठीसाठी नव्हे, तर मुलासाठी मूल घेणे ही कल्पना आमच्या वाचकांपैकी अनेकांस नवी वाटेल. तिच्याशी झगडून पाहण्यासारखी आहे.

येथेच आमची तक्रार आहे. एवढा मोठा विषय हाती आला असता पटकथाकाराने उत्तरार्धातील पुष्कळसा वेळ संगणकापुढे बसलेल्या तरुणावर आणि त्याच्या प्रेयसीच्या रुसव्याफुगव्यांवर खर्च केला आहे. देव पटेल समर्थ नट आहेत, परंतु पडद्यावरच्या पडद्याकडे पाहणारा मनुष्य किती वेळ पाहावा? मेजवानीच्या घरी जिलब्या पाहताच त्याला बालपण आठवते, तो प्रसंग सुंदर आहे. त्यानंतर तोच सूर वारंवार आळवला जातो. उलट धाकट्या भावाचे दुःख थोरल्याच्या कथेची कड म्हणून वापरले आहे. त्याची स्वतःची कथा कोणीच सांगत नाही. दत्तक घराचे रोजचे जिणेही चित्रपटातून जवळजवळ गळले आहे. पुस्तकात सरू सांगतो की, त्याच्या खोलीच्या भिंतीवर आईने भारताचा नकाशा लावला होता. मूल कोठून आले हे लपविणे दूरच, ते रोज त्याच्या डोळ्यांसमोर राहावे अशी ही व्यवस्था होती. दत्तक असल्याचे मुलापासून वर्षानुवर्षे लपविणारी घरे आपल्याकडे थोडी नाहीत. तो एक नकाशा प्रेयसीच्या अनेक प्रसंगांहून अधिक बोलला असता. स्यू ब्रायर्ली यांनी २०२० साली ‘लायोनेस’ हे आपले स्वतःचे पुस्तक लिहिले, यावरूनही तिच्या बाजूचे सांगावयाचे राहून गेले होते असे दिसते.

परंतु याहून मोठा प्रश्न चित्रपटाने उभा केला आहे आणि त्याचे उत्तर टाळले आहे. ‘दत्तक’ या शब्दाचा अर्थच ‘दिलेला’ असा आहे. मनुस्मृतीत पुत्रांचे जे बारा प्रकार सांगितले त्यांत आईबापांनी आपत्काली उदक सोडून दिलेला तो दत्रिम; आईबापांनी टाकलेला आणि दुसऱ्याने उचललेला तो अपविद्ध; आणि आईबापांविना उरलेला, किंवा कारणावाचून टाकलेला, जो आपण होऊन दुसऱ्याच्या ओटीत जातो तो स्वयंदत्त. आता या मुलाकडे पाहा. त्याला कोणी दिलेले नाही. कोणी टाकलेलेही नाही. आई तर त्याला शोधीत फिरत होती. आणि स्वतःस देण्याइतके त्याचे वय नव्हते. तो फक्त हरवला होता. आमच्या शास्त्रकारांनी एवढे प्रकार मोजले, पण हरवलेल्या मुलासाठी त्यांत रकाना नाही. आधुनिक व्यवस्थेतही त्याला मोठा रकाना नव्हता, म्हणून ‘हरवलेला’ हा ‘बेवारशी’ ठरला.

यात कोणाचे कपट होते असे आम्ही म्हणत नाही. परदेशी दांपत्यास मूल सोपविण्यापूर्वी कोणती दक्षता घ्यावी याचे दंडक सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मीकांत पांडे यांच्या प्रकरणात १९८४ साली घालून दिले होते. मुलास आधी देशातच घर मिळावे, परदेश हा शेवटचा उपाय, हे त्यातील तत्त्व. सरूचे प्रकरण त्यानंतरचे आहे. त्याचे छायाचित्रही वर्तमानपत्रांत छापले गेले. पण छापले ते कलकत्त्यास, आणि आई होती खांडव्यास. तिला वाचताही येत नव्हते. सर्व नियम पाळले जाऊनही तिला कोणी विचारले नाही, कारण ती विचारण्याच्या टप्प्यातच नव्हती. सरूला हॉबार्टला सुख लाभले हे खरे. त्या सुखाने या मातेची पंचवीस वर्षे भरून येत नाहीत हेही तितकेच खरे. भारतात दरवर्षी ८०,००० हून अधिक मुले हरवतात असे चित्रपटाच्या शेवटच्या पाटीवर लिहिले आहे. त्या मुलांमागे राहिलेल्या मातांची गणती त्या पाटीवर नाही.

आईची भूमिका प्रियांका बोस यांनी केली आहे. तिच्या वाट्यास पडद्यावर फार थोडा वेळ आला आहे, पण तेवढ्यात तिने चित्रपट तोलून धरला आहे. मुलगा परत आला तर सापडावे म्हणून ती त्या वस्तीपासून दूर गेली नव्हती. भेटीच्या वेळी दोघांस समान भाषा उरलेली नाही. मध्ये दुभाष्या लागतो. ज्या भावाची वाट पाहत तो स्थानकावर झोपला होता, तो त्याच रात्री रेल्वेखाली सापडून गेल्याचे त्याला तेथे कळते. आणि अगदी शेवटी आपणांस समजते की ‘सरू’ हे त्याचे नावच नव्हते. ते होते ‘शेरू’, म्हणजे सिंह. बोबड्या जिभेने त्याचे सरू झाले. ब्रायर्ली दांपत्याने त्याचे नाव बदलले नाही, आपल्या दत्तकविधीत बदलतात तसे. परंतु जे नाव त्यांनी जपले ते त्याच्या बोबड्या बोलाचेच होते. चित्रपटाच्या शीर्षकाचा उलगडा इतका उशिरा करण्यात दिग्दर्शकाने दाखविलेला संयम आम्हांस फार आवडला.

आई सापडल्यावर सरू हॉबार्टला निरोप ठेवतो: ही मिळाली म्हणून तुमचे नाते बदलत नाही. पाच वर्षांच्या मुलास जे देता आले नव्हते ते तीस वर्षांच्या पुरुषाने येथे दिले. आमच्या मते तो या क्षणी खऱ्या अर्थाने स्वयंदत्त झाला, आणि एकाच वेळी दोन्ही घरांचा. शास्त्रकारांस ही कल्पना अगदीच अपरिचित नव्हती. दोन्ही कुळांचा राहणारा पुत्र त्यांनी द्व्यामुष्यायण या नावाने मान्य केला होता. फक्त त्यांनी दोन पित्यांचा करार पाहिला. येथे दोन माता आहेत आणि करार मुलाने केला आहे. चित्रपटाच्या अखेरीस खऱ्या स्यू आणि खरी जन्मदात्री एकमेकींस भेटतात ती चित्रफीत जोडली आहे. तेथे कोणी नट नाही, पटकथा नाही. आणि सबंध चित्रपटात याहून सरस दृश्य नाही.

गोमंतकातील वाचकांस येथे माशेलच्या देवकीकृष्णाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. चोडणहून माशेलास आलेल्या त्या देवस्थानात बालकृष्ण जन्मदात्री देवकीच्या पुढ्यात उभा आहे. सबंध देशभर यशोदेचा कृष्ण गाइला जातो. तेथे मात्र पूजा चालते ती देवकीच्या बाळाची. तेथे हात जोडणारा कोणीही यशोदेस विसरत नाही. मराठीत आई म्हणा, कोंकणीत आवय म्हणा, एकीस जागा देण्यासाठी दुसरीस उठवावे लागत नाही, हे आपल्या भक्तीस पूर्वीपासून कळते. आपल्या घरांत, आणि दत्तक देणाऱ्या-घेणाऱ्या व्यवस्थेत, ते अजून पुरते उतरलेले नाही.

‘लायन’ हा निर्दोष चित्रपट नव्हे. उत्तरार्ध लांबला आहे, एका भावावर त्यात अन्याय झाला आहे आणि खांडव्याच्या त्या माउलीस तो शेवटपर्यंत थोडा दुरूनच पाहतो. तरीही दत्तक मुलाविषयी बोलताना ‘त्याला घर मिळाले’ एवढ्यावर न थांबता ‘ते कोणाच्या घरातून गेले’ हे विचारण्यास तो आपणांस भाग पाडतो. ज्यांच्या घरी दत्तक मूल आहे, अथवा यावे असे ज्यांच्या मनात आहे, त्यांनी तो अवश्य पाहावा. आणि शक्य तर पाहून झाल्यावर त्या मुलाच्या खोलीत एक नकाशा लावावा.