आरंभबिंदूची एकच साक्ष का पुरते?

दोन चलांतील रेषीय असमानतेचा आलेख शिकवताना फळ्यावर बहुधा तीन पायऱ्या येतात. असमानतेच्या जागी बरोबरचे चिन्ह घालून रेषा काढा. आरंभबिंदूचे निर्देशक घालून पाहा. विधान खरे ठरले तर आरंभबिंदूची बाजू रंगवा, नाहीतर दुसरी. उत्तर येते, गुणही मिळतात. या पायऱ्या चुकीच्या आहेत, असे आम्हाला म्हणायचे नाही. रेषेच्या एका बाजूला अगणित बिंदू असताना त्यांतल्या एकाच बिंदूची साक्ष का पुरावी, हा प्रश्न वर्गात विचारलाच जात नाही, ही आमची तक्रार आहे.

प्रश्न टाळल्याचे परिणाम लगेच दिसतात. य < २क्ष हे उदाहरण द्या. इथे रेषाच आरंभबिंदूतून जाते. ० < ० हे खोटे, म्हणून ‘दुसरी’ बाजू रंगवायची. पण दुसरी म्हणजे कोणती? पाठ केलेली कृती इथे अडते. क्ष − य > २ दिले, तर ‘मोठे म्हणजे वरचे’ असे समजून काही मुले रेषेच्या वरचा भाग रंगवतात. प्रत्यक्षात ही असमानता य < क्ष − २ अशी आहे. उत्तर रेषेच्या खाली आहे.

कारण समजायला फार गणित लागत नाही. ठाण्याच्या बाळकुमहून भिवंडीकडे निघालो की कशेळीच्या पुलावरून उल्हास नदीची खाडी ओलांडावी लागते. वाट कशीही वाकडी केली, तरी खाडी न ओलांडता पलीकडे जाता येत नाही. आता क्ष − य − २ या राशीकडे पाहा. आरंभबिंदूशी तिची किंमत −२ आहे, तर (५, ०) या बिंदूशी ३. क्ष-अक्षावरून चालत गेलो तर ती −२ पासून ३ पर्यंत सलग वाढते आणि (२, ०) पाशी शून्य होते. तो बिंदू रेषेवरच आहे. ऋण किमतीकडून धन किमतीकडे जाताना शून्य ओलांडावेच लागते, आणि ही राशी शून्य होते ती फक्त रेषेवर. म्हणून रेषेच्या एका बाजूला सर्वत्र चिन्ह तेच राहते. एका बिंदूची साक्ष पुरते ती यामुळे. तो बिंदू आरंभबिंदूच असण्याचे कारण नाही. रेषेवर नसलेला कोणताही चालेल. खाडीची उपमा एका ठिकाणी लंगडी आहे: नदीला उगम असतो, त्याला वळसा घालता येतो. रेषेला टोकच नाही.

पूल ओलांडला की कशेळी, काल्हेर, पूर्णा या भागात गोदामेच गोदामे लागतात. उदाहरण तिथलेच घेऊ. समजा, एका टेम्पोत १५०० किलोपर्यंत माल चालतो आणि सारख्या आकाराची १०० खोकी मावतात. फरशीचे खोके ३० किलोचे, बिस्किटांचे १० किलोचे. फरशीची क्ष आणि बिस्किटांची य खोकी घेतली, तर ३क्ष + य ≤ १५० आणि क्ष + य ≤ १००. शिवाय क्ष आणि य ऋण नाहीत. बरोबर १५०० किलो चालतात, म्हणून सीमारेषा सलग काढायची. अर्धे खोके पाठवता येत नाही, म्हणून रंगवलेल्या भागातले फक्त पूर्णांकी बिंदूच कामाचे. भाडे फरशीच्या खोक्याला २० रुपये आणि बिस्किटांच्या खोक्याला १० रुपये धरले, तर (५०, ०) आणि (०, १००) या कोपऱ्यांवर १००० रुपये मिळतात, (२५, ७५) वर १२५०. नुसती फरशी किंवा नुसती बिस्किटे भरण्यापेक्षा मिश्र माल फायद्याचा, हे आलेखच सांगतो.

रंगवलेल्या भागाला एवढे महत्त्व का, हे मुलांना कळले पाहिजे. जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये मांडलेली सिम्प्लेक्स पद्धत अशा प्रदेशाच्या एका कोपऱ्यावरून दुसऱ्यावर जात सर्वोत्तम उत्तर शोधते. ग्वाल्हेरला जन्मलेल्या नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये, बेल प्रयोगशाळेत असताना, प्रदेशाच्या आतून वाट काढणारी पद्धत मांडली. चल हजारोंनी असले की कागदावर आकृती काढता येत नाही. पण ‘आत’, ‘बाहेर’ आणि ‘सीमा’ हे शब्द तेच राहतात.

म्हणून आमची सूचना साधी आहे. पहिल्या तासाला रेषा काढूच नका. फळ्यावर अक्ष आखा आणि प्रत्येक मुलाला एकेक बिंदू द्या. क्ष − य > २ ज्याच्या बिंदूला खरे ठरेल त्याने लाल ठिपका द्यावा, इतरांनी निळा. पाच-दहा मिनिटांत ठिपक्यांच्या मधली सीमा मुलेच बोटाने दाखवतील. तीन पायऱ्या त्यानंतर लिहिल्या तरी चालतील; तेव्हा त्यांची गरज का आहे, हे मुलांना ठाऊक असेल.