चित्रकथांचे जुने अंक : संग्राहकाचा आनंद आणि संहितेचा प्रश्न

जुन्या चित्रकथांचे अंक जमविणाऱ्या मनुष्याकडे आपला विद्वत्समाज बहुधा दोन दृष्टींनी पाहत आला आहे. एक तर तो बालपण न सुटलेला हौशी गृहस्थ ठरतो, नाही तर जुन्या कागदाचा चतुर व्यापारी. पहिल्याची कीव केली जाते, दुसऱ्याचा थोडासा हेवा. या दोन्ही समजुतींत एका गोष्टीचा विचार मुळीच झालेला नाही. ती म्हणजे असा संग्राहक हाती आलेल्या अंकाचे प्रत्यक्षात काय करतो. तो अंक वाचतो, त्याच कथेच्या दुसऱ्या अंकाशी पडताळून पाहतो, कोणते चित्र गळले, कोणते नाव बदलले याची नोंद ठेवतो. हा आनंद त्याच्या उत्तम रूपात पाठचिकित्सकाच्या आनंदाचा सख्खा भाऊ आहे, असे म्हणण्यास पुष्कळ आधार आहे.

मराठी वाचकाच्या दृष्टीने याचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही माला. ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या प्रकाशकांनी, म्हणजे बेनेट, कोलमन आणि कंपनीने, मार्च १९६४ मध्ये ती सुरू केली आणि १९९० मध्ये ती बंद पडली. इंग्रजीखेरीज मराठी, हिंदी आदी भारतीय भाषांतही तिचे अंक निघत. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३४ मध्ये मँड्रेक आणि १९३६ मध्ये फँटम हे दोन नायक वृत्तपत्रीय चित्रमालिकांसाठी निर्माण केले होते. मालेचा मुख्य भार याच दोघांवर, त्यातही फँटमवर, होता. १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ हा देशी नायक त्यांच्या पंक्तीस येऊन बसला. त्याची कथा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

मराठीत हा फँटम ‘वेताळ’ झाला. हे नामकरण वरवर पाहता साधे भासते; पण त्याच्या पोटात केवढा अर्थसंघर्ष दडलेला आहे! संस्कृत कथापरंपरेतील वेताल हा प्रेतात वस्ती करणारा, राजाला कोडी घालणारा जीव. मराठीत तो ‘वेताळ’ असा अंत्य ‘ळ’ घेऊन आला, आणि ‘काल’चा ‘काळ’ व्हावा तसा पूर्णपणे घरचा झाला. दक्षिण कोकणात आणि गोव्यात तो केवळ कथेतला जीव नसून ग्रामदेवता आहे. गोव्यात ‘बेताळ’ या नावाने त्याची देवळे आहेत. पुण्याच्या टेकडीलाही त्याचे नाव आहे. ‘चांदोबा’च्या वाचकांना तर विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ अंकागणिक भेटत असे. अशा शब्दाच्या अंगावर घट्ट पोशाख आणि डोळ्यांवर मुखवटा चढवून अनुवादकाने त्याला आफ्रिकेच्या कल्पित अरण्यात घोड्यावर बसविले. विशेष असे की, तो मुळात भूत नव्हेच. पिढ्यान् पिढ्या मुलगा बापाचा वेष धारण करतो, म्हणून तो अमर आहे असा अरण्यवासीयांचा समज होतो, एवढेच. म्हणजे मूळ कथेत जो लोकसमज आहे तो मराठीत नायकाचे विशेषनामच होऊन बसला. एखाद्या शब्दाचा अर्थ एका पिढीत कसा दुभंगतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण ग्रांथिक गद्यात सहसा सापडत नाही.

बदल नावापुरता थांबला नाही. भारतीय आवृत्तीत वेताळाच्या देशाचे नाव ‘बंगाला’ऐवजी ‘डेंकाली’ झाले. ‘सिंग’ हे चाच्यांच्या टोळीचे नाव ‘सिंगा’ झाले. पित्याचा खून करणारा ‘रामा’ हा ‘रामालू’ झाला. भारतीय वाचकाच्या भावना दुखावू नयेत हा यामागचा हेतू उघड आहे. परंतु त्यामुळे एक कल्पित भूगोल आणि एक कल्पित नामकोश जन्मास आला, जो भारतीय आवृत्त्यांबाहेर कोठेच नाही. आरंभीच्या काही अंकांत नायकाचा पोशाख निळा होता, तो पुढे जांभळा झाला. स्वीडनमध्ये तो निळाच राहिला, इटलीत तांबडा. वृत्तपत्रातील पट्ट्या अंकाच्या ठरीव पृष्ठांत बसवावयाच्या म्हणून काही चित्रे गाळली गेली, काही कापली गेली.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या हस्तलिखितांचे पाठ ज्या कष्टाने जुळविले गेले, त्याची आठवण येथे काढली तर कोणास हसू येईल. येऊ द्यावे. दोहोंमधला भेद मात्र ध्यानी घेण्याजोगा आहे. तेथे मूळ संहिता हरवलेली असते आणि पाठभेदांच्या आधारे तिच्याजवळ जावयाचे असते. येथे अमेरिकेतील मूळ सुरक्षित आहे. संकटात आहेत त्या शाखा. मराठी शाखेचा साक्षीदार म्हणजे तो स्वस्त कागदावरचा अंकच. तो नष्ट झाला की मूळ इंग्रजी पट्टीवरून मराठी पाठ पुन्हा सिद्ध करता येत नाही.

या पाठाला भाषाशास्त्रीय महत्त्व काय, असा प्रश्न साहजिक आहे. चित्रकथेतील संवादाचा फुगा मूळ इंग्रजी वाक्याच्या मापाने आखलेला असतो. इंग्रजी अक्षरे तेथे बहुधा मोठ्या लिपीत, ओळीला ओळ भिडवून लिहिलेली असतात. देवनागरीला शिरोरेघेच्या वर वेलांटी-मात्रेसाठी आणि खाली उकारासाठी जागा लागते. म्हणून अनुवादकाला वाक्य आखडते घ्यावे लागते, आणि आखडते घेताना तो अभावितपणे बोलीकडे सरकण्याचा संभव असतो. दुसरी अडचण सर्वनामांची. इंग्रजीत एका ‘यू’वर भागते, मराठीत मात्र ‘तू’, ‘तुम्ही’ की ‘आपण’, हे प्रत्येक फुग्यात ठरवावेच लागते. सेनापतीने सैनिकाला, डायनाने वेताळाला, वेताळाने चोराला कसे संबोधावे? प्रत्येक संबोधनामागे एक सामाजिक निर्णय आहे. तो निर्णय स्थिर होता की वर्षागणिक बदलत गेला, हे एका अंकावरून कधीच कळणार नाही. त्यासाठी सलग अंक हवेत. संग्राहकाला मधला एक अंक मिळेना म्हणजे जी बेचैनी लागते, तिची चेष्टा करणाऱ्याने आपण शब्दसंग्रहासाठी किंवा बोलीच्या नमुन्यांसाठी काय धडपड करतो ते आठवून पाहावे.

आणि सलगतेचा हा ध्यास कधी कधी चमत्कारिक ज्ञान देतो. इंद्रजालचे १२३ आणि १२४ हे दोन क्रमांक संपामुळे निघालेच नाहीत. ते शोधणारा नवखा मनुष्य नसलेल्या वस्तूचा शोध घेत असतो. १९६७ मध्ये अनंत पै यांच्या संपादनाखाली सुरू झालेल्या ‘अमर चित्रकथे’त ‘कृष्ण’ या अंकाचा क्रमांक ११ आहे, कारण आधीचे दहा क्रमांक पाश्चात्त्य परीकथांना दिलेले होते. अशा गोष्टी संग्राहकांच्या मौखिक परंपरेत प्रथम टिकल्या, ग्रंथसूचीत मागाहून आल्या.

विद्यापीठीय ग्रंथालयांनी या बाबतीत अमेरिकेतील एक प्रकरण डोळ्यांसमोर ठेवणे इष्ट होईल. तेथील ग्रंथालये वृत्तपत्रांची सूक्ष्मपटले तयार करून मूळ बांधीव खंड टाकून देऊ लागली, तेव्हा बिल ब्लॅकबिअर्ड या संग्राहकाने १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे एक संस्था काढून ते खंड आपल्या घरी आणावयास आरंभ केला. सूक्ष्मपटल कृष्णधवल, रविवारच्या पुरवण्यांतील रंगीत चित्रमालिकांचा रंग त्यात उतरणे शक्यच नव्हते. ज्यांनी जतन करावयाचे त्यांनीच जतनाच्या नावाखाली संहिता निम्मी केली, आणि ज्याला छांदिष्ट म्हणावयाचे त्याने ती पूर्ण राखली. पुढे १९९०च्या दशकाच्या अखेरीस ओहायो राज्य विद्यापीठाने तो संग्रह घेतला, तेव्हा त्याचे वजन सुमारे ७५ टन भरले.

संग्राहकांची बाजू घेताना त्यांच्या बाजारावर पांघरूण घालण्याचे मात्र कारण नाही. जून १९३८ च्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची मूळ किंमत १० सेंट, त्याची एक प्रत २०१४ मध्ये ३२ लाख डॉलरांवर गेली. एवढ्याने वाचनाचे काही बिघडले नसते. बिघडले ते मोहोरबंदीने. २००० मध्ये अमेरिकेत निघालेल्या एका कंपनीने अंकाला दहापैकी गुण देऊन तो पारदर्शक प्लास्टिकच्या कवचात कायमचा बंद करण्याची पद्धत रूढ केली. कवच फोडल्यावाचून अंक उघडता येत नाही, आणि फोडले की दाखला रद्द होतो. अशा वस्तूचा मालक तिच्याकडे पाहू शकतो, ती वाचू शकत नाही. या व्यवहाराला साठवण म्हणावे. संग्रह हा शब्द त्याला शोभत नाही.

त्या गुणपद्धतीत मुखपृष्ठावर पेनाने लिहिलेले नाव हा दोष मानला जातो. मराठी अंकांच्या अभ्यासकाला नेमका हाच दोष मोलाचा आहे. कोपऱ्यातले मुलाचे नाव आणि इयत्ता, वाचनालयाचा जांभळा शिक्का, परतीच्या तारखा, कधी शब्दकोडे सोडविताना केलेली खाडाखोड, यांवरून अंक कोणी व किती काळ वाचला याचा अंदाज बांधता येतो. फार हाताळलेले अंक एकत्र बांधून ठेवण्याचा प्रघात आपल्याकडे होता. बांधणाऱ्याने पुष्कळदा मुखपृष्ठे काढून टाकली, कडा छाटल्या, आणि त्यांबरोबर क्रमांक व तारीखही गेली. अशा खंडाचा काळ आतल्या जाहिरातींवरून आणि किमतींवरून ठरवावा लागतो. आणि ते काम आज जे करू शकतात, ते बहुतेक विद्यापीठाबाहेरचे आहेत.