कार्टं, पोट्टं आणि अक्करमाशी

मराठीत मूल वाढते ते प्रथम नपुंसकलिंगात. मूल, बाळ, लेकरू, पोरगं, कार्टं हे सारे एकाच व्याकरणिक घरातले शब्द आहेत आणि त्याच घरात वासरू, कोकरू, पिल्लू, पाखरू हीही नांदतात. लिंगाचा हा संकोच केवळ व्याकरणापुरता नाही. माणसाला स्त्री वा पुरुष म्हणून जबाबदार धरण्याआधी भाषेने दिलेली ती सवलत आहे. कोंकणीने तर ती अधिक लांबविली आहे. तेथे 'चेडूं' म्हणजे तरुण मुलगीही नपुंसकलिंगीच. आयरिश भाषेत मुलगी या अर्थाचा 'कॅलीन' हा शब्द पुल्लिंगी आहे, हे पाहिले म्हणजे बालपणापुढे व्याकरणेही थोडी गोंधळतात असे वाटते.

'कार्टं' हा शब्द आई रागाने उच्चारते आणि त्याच श्वासात त्यातला राग ओसरतो. वऱ्हाडातल्या 'पोट्टं'चीही हीच गत. वसंत कानेटकरांनी 'कार्टी काळजात घुसली' हे नाटकाचे नाव योजले तेव्हा शिवी आणि माया यांची ही जुनी सोयरीक त्यांनी शीर्षकातच उघड केली. दिल्लीच्या द्वारका उपनगरात हिंदीच्या सहवासात वाढणाऱ्या मराठी मुलाच्या वाट्याला ही सोयरीक कितपत येईल, ही शंका रास्त आहे. हिंदीला नपुंसकलिंग नाही. 'कुठं गेलं कार्टं?' हा प्रश्न तिथे 'लड़का कहाँ गया?' असा होतो. आणि मग उरते ती नुसती चौकशी.

हे शब्द बहुधा मोठ्यांच्या तोंडचे असतात. लेखनाची खरी कसोटी लागते ती मूल स्वतः बोलू लागते तेव्हा. डब्लिनमधील दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडून रॉडी डॉयल यांनी सांगितलेली 'पॅडी क्लार्क हा हा हा' ही कादंबरी 1993 ची. प्रकाश नारायण संतांचा 'वनवास' 1994 चा. संतांचा लंपन कानडी मुलखाच्या सीमेवर आजीआजोबांजवळ राहतो. आपल्या वागण्याला 'मॅड' हा शब्द तो स्वतःच लावतो. दुसऱ्याने हिणवण्यासाठी वापरायचा शब्द मुलाने आपणहून अंगावर घेतला की त्यातला डंख जातो आणि मागे कुतूहल राहते. संतांच्या निवेदनाची ताकद या साध्या गोष्टीत आहे; तिला बालसुलभ गोडवा म्हणणे हा अन्याय होईल.

परंतु प्रत्येक शब्दाचा डंख असा काढता येत नाही. शरणकुमार लिंबाळे यांचे आत्मकथन 'अक्करमाशी' 1984 साली आले. बारा माशांचा एक तोळा; अकरा माशांचे ते उणे. सोन्याच्या तराजूतले हे माप विवाहबाह्य संबंधातून जन्मलेल्या मुलाला लावले गेले. आई दलित, बाप गावचा पाटील, आणि शाळेत बापाचे नाव काय लावायचे हा पेच. 'कार्टं' वयाबरोबर गळून पडते. त्याचा मुलगा होतो, पुढे बाप होतो. 'अक्करमाशी' हे मुलाला जन्मतःच चिकटणारे नाव असूनही त्याला बालपण नाही, कारण ते वयाबरोबर सुटत नाही. त्यात नपुंसकलिंगाची सवलत नाही आणि रुसवा काढायला आईही त्यातून मोकळी नाही, कारण त्या शब्दात तीही आरोपी आहे. लिंबाळ्यांनी तो शीर्षस्थानी ठेवला तो लंपनप्रमाणे बोथट करण्यासाठी नव्हे. तो जसाच्या तसा, धारेसह, ज्यांनी घडविला त्यांच्या हाती त्यांनी परत दिला.

अनुवादकाची अडचण येथे स्पष्ट होते. डब्लिनच्या 'चिझलर'ला किंवा अल्स्टरच्या 'वेन'ला मराठीत पोरगं, पोट्टं असे काही तरी सापडते. 2003 मध्ये संतोष भूमकरांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाला 'आउटकास्ट' हे नाव मिळाले. बहिष्कृत हा अर्थ त्यात आला. उणा पडलेला एक मासा आला नाही. मुखपृष्ठावर त्या नावाजवळ मूळ मराठी शब्दही ठेवावा लागला.