नाकातलो सूर

कोकणची बोट माझगावात भाऊच्या धक्क्याला लागायची, तेव्हा वळकटी-ट्रंकेबरोबर आमची मालवणीही उतरायची. गावच्या खोलीत ती मोकळी असे. शाळेत, कचेरीत गेली की गप्प बसे. कारण एकच, "ही माणसं नाकात बोलतात."

आता नाकात म्हणजे काय, तेही बघूया. मालवणीत विचारतात, "तुझां नांव काय?" यातल्या 'तुझां'ला नाकाचा सूर आहे. जुन्या छापील पुस्तकांत हेच 'तुझें नांव' असं टिंब देऊन लिहीत. 'तुझें'वरचं टिंब ही नपुंसकलिंगाची खूण. 1962च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले. उच्चारात नसलेले, पण कोणाच्या? आमच्या आयेच्या तोंडात तर तो सूर शाबूत होता. शहर ज्याला खोड म्हणतं, ते भाषेचं जुनं व्याकरण आहे.

म्हणून मला गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' मोठं वाटतं. 1980 साली ते रंगभूमीवर आलं आणि मच्छिंद्र कांबळींनी तात्या सरपंच गाजवला. गावची मंडळी महाभारतातला प्रसंग बसवायला जातात आणि त्याचा पार बोजवारा उडतो. लोक म्हणतात, मालवणीमुळे हसू येतं. मला तसं वाटत नाही. सगळा गावच त्या बोलीत बोलतो, त्यामुळे हेल हे कोणा एकाचं व्यंग राहत नाही. हसू येतं ते फुशारकीला, भांडणाला, फजितीला.

याउलट ती नाटकं बघा, जिथे दिवाणखान्यात सगळे शुद्ध बोलतात आणि एकटा रामा गडी तेवढा कोकणी. त्याने "खंय?" म्हटलं की हशा. वाक्यात विनोद असो वा नसो, लेखकाचं काम गड्याचं नाकच करून टाकतं. हा आळशी विनोद, आणि तो गरिबाच्या जिवावर केलेला.

'वस्त्रहरण'चं यश एवढं मोठं झालं, की मालवणी म्हणजे हसायची बोली, असा शिक्का बसला. तो दोष नाटकाचा नव्हे, आपल्या कानांचा. गावच्या खोलीत मरणाची तार यायची, तेव्हा "रे माज्या झिला" हा हंबरडाही याच सुरात फुटायचा. तेव्हा नाही कोणी हसलं. रंगभूमीवर तो हंबरडा ऐकून प्रेक्षागृह गप्प होईल, तेव्हा म्हणूया, बोलीक मान मिळालो.