रामशास्त्री प्रभुणे व राघोबादादा : एका निवाड्याची चिकित्सा

राज्य ज्याच्या हातीं, त्याच्यावरच खुनाचा आरोप आला, तर शास्त्र त्यास आवरूं शकतें काय? महाराष्ट्रांत हा प्रश्न ज्या प्रसंगानें कायमचा उभा राहिला, तो शके १६९५ च्या भाद्रपद शुद्ध त्रयोदशीचा, म्हणजे ३० ऑगस्ट १७७३ चा होय. त्या दिवशीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनीं वध केला, चुलते रघुनाथराव सत्ताधीश झाले, आणि न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनीं चौकशी करून त्यांस देहान्त प्रायश्चित्त सांगितलें. ही कथा इतकी परिचित आहे कीं तिची चिकित्सा करण्याची गरज कोणास भासत नाहीं. प्रचलित कथेंत शास्त्र्यांच्या धैर्याचा गौरव यथायोग्य होतो. परंतु त्यांच्या निवाड्याचें खरें स्वरूप मात्र झांकलें जातें, असें आमचें मत आहे.

प्रथम पुराव्याचा विचार करूं. ग्रँट डफच्या १८२६ सालच्या इतिहासांत शास्त्र्यांस मूळ आज्ञापत्र सांपडल्याचें व त्यांत ‘धरावें’ याचें ‘मारावें’ झाल्याचें वर्णन आहे. हा फेरफार आनंदीबाईंनीं केला, हा लोकप्रवाद पुढें ‘ध चा मा’ या म्हणीनें घरोघरीं गेला. तें अस्सल आज्ञापत्र आज कोणत्याही दप्तरांत दाखवितां येत नाहीं. जो कागद पाहतां येत नाहीं, त्यावरील एका अक्षरासाठीं एका स्त्रीस दोषी ठरविणें हें संशोधनाच्या रीतीस धरून नाहीं. शिवाय निवाडा त्या अक्षरावर अवलंबूनही नाहीं. डफच्याच वृत्तान्ताप्रमाणें पुतण्यास धरण्याची आज्ञा दादासाहेबांनीं कबूल केली होती. गादीवरील पेशव्यास शस्त्रधारी गारद्यांकडून धरविणें हा अपराध ‘धरावें’ या शब्दानेंच सिद्ध होतो.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. शास्त्र्यांनीं सांगितलें तें प्रायश्चित्त, दंड नव्हे. ही केवळ शब्दांची निवड मानणें योग्य नाहीं. दंड राजसत्तेनें द्यावयाचा असतो, प्रायश्चित्त अपराध्यानें आपण होऊन घ्यावयाचें असतें. ज्या अपराधास सामान्य मनुष्यास एक कार्षापण दंड, त्याच अपराधास राजास सहस्र, असें मनुस्मृति सांगते. पण तो दंड राजाकडून वसूल कोण करणार? त्यावर टीकाकारांचें उत्तर असें कीं, राजानें तो पाण्यांत टाकावा अथवा ब्राह्मणांस द्यावा. म्हणजे नियम राजासही लागू होता, परंतु तो बजावणारा हात राजाचाच होता. १७७३ सालीं दंडाची सत्ता आरोपीच्याच मुठींत होती. अशा स्थितींत न्यायाधीशास प्रायश्चित्तच सांगतां येत होतें, आणि तें अमान्य झाल्यास पद सोडतां येत होतें. शास्त्र्यांनीं दोन्ही केलें. दादासाहेबांची सत्ता आहे तोंवर पुण्यांत पाऊल ठेवणार नाहीं, असें सांगून ते वाईकडे निघून गेले.

नुसत्या पदत्यागानें काय साधतें, याचें उदाहरण आमच्या नगरीस, पूर्वीच्या औरंगाबादेस व आजच्या छत्रपति संभाजीनगरास, ज्याचें नांव पडलें होतें त्या औरंगजेबाच्या चरित्रांतच आहे. पिता जिवंत असतां पुत्राच्या नांवें खुतबा पढणें अशास्त्र आहे, असें मुख्य काजीनें म्हटलें, तेव्हां शहाजहान अशक्त झाल्यामुळें तख्त रिकामें मानावें असा आधार अब्दुल वहाब यानें काढून दिला, व पुढें तोच मुख्य काजी झाला. त्याचा पुत्र शेखुलइस्लाम हा मात्र वेगळ्या धातूचा निघाला. विजापूर व गोवळकोंडा या मुसलमानी राज्यांवरील युद्ध धर्म्य ठरविण्याचें नाकारून, पद सोडून, तो मक्केस गेला. पण तेवढ्यानें युद्ध थांबलें नाहीं. १६८६ त विजापूर पडलें व १६८७ त गोवळकोंडा.

पुण्यास तसें झालें नाहीं, यांतच या प्रकरणाचें मर्म आहे. नाना फडणीस, सखारामबापू प्रभृति बारभाई फिरले. गंगाबाईंस पुरंदरावर नेऊन ठेवलें. १८ एप्रिल १७७४ रोजीं सवाई माधवराव जन्मले, आणि चाळिसाव्या दिवशीं, २८ मे रोजीं, छत्रपतींकडील पेशवाईचीं वस्त्रें त्या बालकास मिळालीं. दादासाहेबांची सत्ता गेली ती अशी : फौज, खजिना व वस्त्रें हीं तिन्ही त्यांस अंतरलीं. बारभाईंस स्वतःचे हेतु नव्हते असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्यांच्या हेतूंस न्याय्य असें नांव शास्त्र्यांच्या निवाड्यानें दिलें. पुढें शास्त्री पुण्यास परतून १७८९ पर्यंत न्यायासनावर होते. आयुष्यभर अज्ञातवासांत राहिले ही समजूत चुकीची आहे.

तरीही प्रायश्चित्त झालें नाहीं. दादासाहेब इंग्रजांच्या आश्रयास गेले, १७७५ चा सुरतेचा तह झाला, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें त्यांस दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक ठरली. १७८३ त ते कोपरगांवीं वारले. १९७४ त अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनीं न्यायालयाच्या आज्ञेनें ध्वनिफिती दिल्या; स्वपक्षीयांनींच पाठ फिरविल्यावर पद सोडलें; आणि महिन्याभरांत उत्तराधिकाऱ्याकडून क्षमाही मिळविली. आपल्या राज्यघटनेचें ३६१ वें कलम राष्ट्रपतींवर, ते पदावर असतां, फौजदारी कारवाई चालूं देत नाहीं. तीं दारें ६१ व्या कलमानें संसदेकडे सोंपविलीं आहेत. स्थळकाळ भिन्न असले तरी क्रम एकच दिसतो : नियम दोष ठरवितो, पण सत्ताधीशास आवरतात तीं त्याच्या आज्ञा पाळणारीं माणसें, जेव्हां तीं त्या नियमास प्रमाण मानून आज्ञा पाळण्याचें सोडतात.

१९४४ च्या ‘रामशास्त्री’ या प्रभात चित्रपटापर्यंत लोकांपुढें आलेला पुरुष एकटाच सत्तेस नमविणारा आहे. कागदांवरून दिसणारा रामशास्त्री अधिक थोर आहे. कारण आपल्या वाक्याच्या मागें फौज नाहीं हें ठाऊक असूनही त्यानें तें उच्चारिलें. ज्या संग्राहकांच्या घरीं १७७३-७४ सालचीं वाई, सातारा वा पुणें येथील दप्तरें आहेत, त्यांनीं ‘ध चा मा’ शोधण्यापेक्षां गारद्यांच्या जबान्या, चौकशीच्या यादी व कारभाऱ्यांचीं परस्परांस गेलेलीं पत्रें तपासावीं. निवाडा कोणीं दिला हें सर्वांस ठाऊक आहे. तो कोणीं, केव्हां व कां मानला, हें त्यांवरून कळेल.